घरगुती फ्लू-कोविड किट: वर्षभर वापरल्यावर

बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वास घ्यायला त्रास देणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. त्यामुळे मला नुसती शिंक आली तरी पहिला प्रश्न हाच पडतो, की त्यांच्या खोलीत जावं की नाही? म्हणून गेलं वर्षभर कोविड आणि इन्फ्लुएंझा (फ्लू) ए, बी एकाच पट्टीवर तपासणारं अँटिजन किट, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणारं किट, घरात ठेवते.

वापरायला सोपं आहे. काडी दोन्ही नाकपुड्यांत नीट फिरवायची, नळीतल्या द्रावात घोळवून पिळायची, थेंब टाकायचे, १५ मिनिटं थांबायचं. डोळ्यांत पाणी आलं तरी काडी फिरवताना कुचराई करू नका. नळी अडकवायचं खोक्यावरचं भोक मात्र सैल आहे. नळी कलंडून एकदा निम्मा द्राव सांडला आणि अख्खं किट वाया गेलं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. एका सोमवारी घसा खवखवायला लागला. लगेच टेस्ट केली, फक्त 'सी'ची, म्हणजे टेस्ट नीट चालल्याची खूण असलेली रेघ उमटली; म्हणजे निगेटिव्ह. मी निर्धास्त झाले आणि बाबांजवळ तासभर मास्कशिवाय बसले. बुधवारी पुन्हा केली, तर इन्फ्लुएंझा ए समोर केसाएवढी फिकट गुलाबी रेघ! फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच. पोटात गोळाच आला. सुरुवातीला विषाणूचं प्रथिन इतकं थोडं असू शकतं, की अँटिजन टेस्टला ते सापडत नाही. कोविडसाठी तर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचा सल्लाच आहे, की लक्षणं असून पहिली टेस्ट निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी दुसरी करावी, लक्षणं नसतील तर अशा तीन. माहितीपत्रकात हे आहे, पण अगदी शेवटच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. खोक्यावर ठळक छापायला हवं होतं.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बाबांना त्रास सुरू व्हायच्या आधीच ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं विषाणूरोधी औषध दिलं. बाबांना ताप आला नाही. दुसरी टेस्ट केली नसती तर हे कळलंच नसतं.

तेव्हापासून वही ठेवलीय: तारीख, लक्षणांचा कितवा दिवस, ताप, रेघ गडद की फिकट. पट्टीचा फोटो १५ मिनिटांनी घेते. फार उशिरा उमटलेली रेघ धरत नाही.

पाचपैकी चार गुण. यात आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू तपासला जात नाही, आणि वयस्कर फुप्फुसांना तोही तितकाच छळतो. तिन्ही तपासणारं किट हाताशी आलं तर मी आजच बदलेन.