व्हीव्हीटी सोलेनॉइड: साफ करून चालवायचा का नवीनच टाकायचा?

चेक इंजिन लागलंय, स्कॅनरवर पी००११ हा कोड आलाय, गाडी खालच्या आरपीएमला मरगळलीय आणि गॅरेजवाला विचारतोय की व्हीव्हीटी सोलेनॉइड साफ करू का नवीन टाकू. व्हीव्हीटी म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा, आणि सोलेनॉइड म्हणजे तिला ऑइल सोडणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह. मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितोय. माझी टर्बो पेट्रोल आहे, सेकंडहँड घेतलेली, दोन्ही कॅमला (इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट) व्हीव्हीटी.

आधी एक, कोड आला म्हणून लगेच पार्ट मागवू नका. पी००११ म्हणजे इनटेक कॅम हवा त्यापेक्षा जास्त ॲडव्हान्स, म्हणजे वेळेच्या पुढे, झालाय, एवढंच. कॅम फिरवायचं काम ऑइल प्रेशरवर चालतं, त्यामुळे ऑइल कमी असलं किंवा जुनं झालं तरी हाच कोड येऊ शकतो, डिपस्टिक आधी बघा. माझ्याकडे इनटेक आणि एक्झॉस्टचे सोलेनॉइड एकाच पार्ट नंबरचे आहेत, ते अदलाबदल केले तर कोड पी००१४ झाला, म्हणजे दोष सोलेनॉइडबरोबर एक्झॉस्टला गेला, तिथेच विषय क्लियर झाला.

मग साफ केला. एक बोल्ट, एक कनेक्टर, अर्ध्या तासाचं काम. सोलेनॉइडच्या जाळीवर काळा चिकट थर बसलेला, नखाने खरवडला तर निघेना, क्लीनर मारून मारून निघाला. १२ व्होल्ट क्षणभर दिले की टक् असा स्वच्छ आवाज. खर्च म्हणाल तर क्लीनरचा डबा आणि एक ओ-रिंग (रबरी सील).

दीड महिना बरा गेला. नंतर जे सुरू झालं त्यानेच माझा निर्णय झाला. सकाळी थंड इंजिनला गाडी मक्खन, पण खंबाटकी चढून तापली आणि पुढे आनेवाडी टोलला थांबली की आयडल हलायचं, एसी चालू असताना दोनदा बंदच पडली, मागे ट्रक हॉर्न मारतोय आणि घरचे गाडीत. आणि गॅरेजला नेईपर्यंत इंजिन थंड, टेबलावर काढून बघितला तर तोच स्वच्छ टक्. माझ्या मते आतला स्पूल (ऑइलची वाट बदलणारा सरकता दांडा) झिजला होता, तो गरम ऑइलमध्येच अडकायचा, आणि झीज काही क्लीनरने भरून येत नाही.

नवीन जोडी महाग पडली हे खरंय, पण ऑइल-फिल्टर बदलून टाकली त्याला वर्ष झालं, त्याच घाटातून चार-पाच वेळा गेलो, आयडल हललं नाही. तुमच्या गाडीत नुसता कचराच अडकला असेल तर साफ करूनही भागेल, एकदा करून बघायला हरकत नाही, पण लांबच्या प्रवासाला त्याच्या भरवशावर मी तरी निघणार नाही.

थंड स्टार्टला एक-दोन सेकंद खडखड येत असेल तर मात्र फेझरची (कॅम मागेपुढे फिरवणारा भाग) लॉक पिन बघा, आणि पी००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही) असेल तर आधी टायमिंग चेन. तिथे सोलेनॉइडवर पैसे घालू नका.

टाकताना ओ-रिंगला इंजिन ऑइल लावा, कोरडी बसवली तर कापली जाते.