जपानी सुती युकाता: एका उन्हाळ्याच्या वापरानंतर

जूनमध्ये घेतलेला सुती युकाता, म्हणजे उन्हाळ्यात नेसायचा हलका किमोनो, सप्टेंबरअखेर धुऊन, नीट वाळवून कपाटात ठेवला. मधल्या काळात तो टोकियोतल्या सुमिदा नदीकाठच्या आतषबाजीला नेसले, आमच्या भागातल्या बोन ओदोरी या उन्हाळी लोकनृत्याला नेसले, टोकियोतल्याच कोएंजीच्या आवा ओदोरी या रस्त्यावरच्या नाचाला नेसले. पण त्याची खरी परीक्षा झाली ती मैत्रिणीबरोबर उत्तरेकडच्या आओमोरी-अकिताला केलेल्या शनिवार-रविवारच्या सहलीत. जपानात राहणाऱ्या आणि पुढच्या उन्हाळ्यात युकाता घ्यायचं मनात असलेल्या मराठी मंडळींसाठी सविस्तर लिहितेय. मत आधीच सांगते: घ्यायचा तर सुतीच घ्या, आणि जास्तीचे पैसे कापडात घाला, ओबीत (कमरेच्या पट्ट्यात) नको.

माझा युकाता चूसेन पद्धतीने रंगवलेला आहे. यात कापडावर घडीवर घडी घालत जातात, नक्षीभोवती खळीचा बांध घालतात, वरून रंग ओततात आणि तो खालून खेचून घेतात. रंग धाग्यात आरपार उतरतो, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. चालताना काठ उलटला, हात वर केल्यावर बाही मागे पडली, तरी आत फिकट काही दिसत नाही. असा तयार शिवलेला युकाता साधारण वीस-तीस हजार येनच्या घरात जातो. मैत्रिणीने घेतलेला पॉलिएस्टरचा संच, म्हणजे युकाता, तयार गाठीची ओबी आणि गेता (लाकडी चपला), सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास होता. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर तिचाच जास्त उठून दिसायचा.

फरक कळला सुमिदाच्या रात्री. जुलैच्या शेवटच्या शनिवारी ही आतषबाजी होते, वीस हजारांच्या आसपास दारूगोळे उडतात आणि गर्दीत हवा म्हणून नसते. मैत्रिणीची पाठ तासाभरात चिकट झाली, पायांना कापड लपेटायला लागलं. माझाही घामाने भिजला, पण भिजला तसाच वाळतही गेला. शिवाय बायकांच्या युकात्याला काखेखाली उघडी फट असते, तिचं महत्त्व टोकियोच्या उन्हाळ्यातच कळतं. पुरुषांच्या युकात्याला ती नसते. आत पातळ सुती बनियन मात्र घालाच.

नेसायला अवघड आहे का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं. नऊवारी स्वतःची स्वतः नेसता येत असेल तर युकाता अजिबात अवघड नाही. कमरेशी घट्ट आवळून वरचं कापड सैल सोडायचं, ही हाताला असलेली सवय इथेही कामी येते. डावी बाजू नेहमी वर, कारण उजवी वर फक्त मृतांना नेसवताना घेतात. लांबी जास्त असली तरी काळजी नको. जादा कापड कमरेला दुमडून आत घ्यायचं असतं आणि ती घडी ओबीखाली दिसायलाच हवी. खरा प्रश्न रुंदीचा. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना ‘फ्री साइज’ नितंबांवर कमी पडतो आणि पायऱ्या चढताना पुढून उघडतो. मोठ्या रुंदीचा वेगळा मिळतो, तोच मागा.

आता सहलीबद्दल. आओमोरीचा नेबुता, म्हणजे आतून उजळलेल्या प्रचंड कागदी आकृत्यांच्या मिरवणुकीचा उत्सव, २ ते ७ ऑगस्टला असतो आणि अकिताचा कांतो, म्हणजे कंदील टांगलेले उंच बांबू तोलण्याचा उत्सव, ३ ते ६ ऑगस्टला. २०२५ साली २ तारखेला शनिवार आला, त्यामुळे शनिवारी नेबुता आणि रविवारी कांतो असा सुरेख मेळ बसला. हायाबुसा या बुलेट ट्रेनने टोकियोहून शिन-आओमोरी सव्वातीन तासांच्या आसपास. या गाडीत सगळ्या जागा आरक्षित असतात, म्हणून तिकीट महिनाभर आधी काढलं. आओमोरीतली हॉटेलं त्या आठवड्यात कधीच भरून जातात. आम्ही हिरोसाकीत खोली घेतली, जी अकिताच्या वाटेवरच पडते.

एक गोष्ट तिथे जाण्याआधी माहीत असायला हवी: युकाता नेसलात म्हणून नेबुताच्या मिरवणुकीत नाचता येत नाही. उड्या मारत नाचणाऱ्यांना हानेतो म्हणतात. त्यांचा पोशाख ठरलेला असतो: फुलांची टोपी, आखूड युकाता, खाली गुलाबी परकर, खांद्यावरून बांधलेली पट्टी आणि अंगभर छोट्या घंट्या. तो पूर्ण असेल तर आधी नाव नोंदवावं लागत नाही, कोणीही सामील व्हावं. शहरात भाड्याने मिळतो, नेसवूनही देतात. मैत्रीण पॉलिएस्टरला इतकी कंटाळली होती की तिने लगेच तो घेतला. मी रस्त्याकडेला उभी राहिले.

आणि ते बघणं मी आयुष्यभर विसरणार नाही. पाच मीटर उंच, नऊ मीटर रुंद योद्धे आतून उजळलेले. अंधारात आधी फक्त ढोल आणि बासऱ्या ऐकू येतात, मग वळणावरून एक प्रचंड डोळा पुढे येतो. खालची माणसं तो डोलारा ढकलत आणतात आणि प्रेक्षकांसमोर झुकवतात, तेव्हा कागदावरच्या शाईच्या रेषा आणि आतल्या तारांच्या सावल्याही दिसतात. ‘रास्सेरा, रास्सेरा’च्या आरोळ्यांत मैत्रीण एका पायावर दोनदा, दुसऱ्यावर दोनदा उड्या मारत आली. चेहरा लालबुंद. नाचून झाल्यावर तिने एक घंटी काढून सेफ्टी पिनने माझ्या ओबीला लावली. हानेतोची घंटी मिळणं शुभ मानतात.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या चिंचोळ्या खोलीत तिने माझी ओबी बांधली. “अगं, आधी श्वास सोड, मग आवळते.” अर्ध्या रुंदीची ओबी चारेक मीटर लांब असते. त्यामुळे दुसरं माणूस असेल तर पाच मिनिटांचं काम, एकटीला वीस. तयार गाठीची ओबी सोपी पडते, पण ट्रेनमध्ये पाठ टेकवली की चपटी होते आणि पुन्हा उभी राहत नाही.

अकितात बारा मीटरचा बांबू, त्याला टांगलेले सेहेचाळीस कंदील, वजन पन्नास किलो, आणि हे सगळं एक माणूस तळहातावर तोलतो. तिथून कपाळावर, खांद्यावर, मग कमरेवर. खाली बांबूचे तुकडे जोडत उंची वाढवतात, तसा तो धनुष्यासारखा वाकत जातो. कंदिलांत खऱ्या मेणबत्त्या असतात. आमच्यासमोर एक कलंडला, रस्त्याकडेच्या दोरांवर अडकला आणि क्षणात अर्धे कंदील विझले. शेवटी जवळ जाऊन बांबूला हात लावता येतो, ते चुकवू नका. रात्री तिथेच राहिलो आणि सोमवारी सकाळी कोमाची या बुलेट ट्रेनने परतलो.

गेत्यांनी मात्र छळलं. अंगठ्याशेजारचा पट्टा नवा असताना कातडी सोलतो. नेसण्याआधी दोन दिवस तो बोटांनी ओढून सैल करा, टाच थोडी मागे बाहेर राहू द्या आणि साध्या चपला पिशवीत ठेवाच. हिरोसाकीला परतताना शेवटच्या गर्दीत मी त्याच घातल्या होत्या.

धुणं सोपं आहे. पहिल्यांदा वेगळा धुवा, गडद निळा रंग सुटतो. नंतर घडी घालून जाळीच्या पिशवीत, थंड पाणी, साधा साबण, ब्लीच नाही. बाह्यांतून काठी घालून सावलीत वाळवायचा. बाहीवर भाजलेल्या मक्याच्या सोया सॉसचा डाग पडला होता, तो त्याच रात्री बेसिनमध्ये चोळल्यामुळे गेला. इतक्या धुण्यांनंतर कापड उलट मऊ झालंय, रंग जसाच्या तसा आहे. मैत्रिणीच्या पॉलिएस्टरला सुरकुती पडत नाही, इस्त्री लागत नाही, हे मान्य. वर्षातून एकदा फोटोपुरता नेसायचा असेल तर तो पुरेल.

पुरुषांनी घेताना लांबी घोट्यापर्यंत नेमकी बघावी, कारण त्यांच्यात कमरेला दुमडायची सोय नसते. नक्षी आणि मापं जूनमध्ये भरपूर मिळतात. ऑगस्टच्या मध्यानंतर किमती उतरतात, पण मोठ्या रुंदीचे तोवर संपलेले असतात.