लॉ सीईटीची कॅप : यादीत नाव नसतं तेव्हा नेमकं काय झालेलं असतं

कायद्याच्या अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्ष राबवतो ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘कॅप’, सेवा म्हणून कशी आहे? जागावाटप चोख, पण वाट पाहणाऱ्या मुलाला सांभाळण्यात फार तोकडी. वाटपाला पाचपैकी साडेचार गुण द्यावेत, संवादाला दोन. या दोन आकड्यांमधल्या दरीत जी मुलं अडकतात, त्यांच्यासाठी हे परीक्षण.

आधी चांगलं. २०१६च्या आधी महाराष्ट्रात लॉला सामाईक सीईटी नव्हती. बारावीच्या किंवा पदवीच्या टक्क्यांवर प्रवेश व्हायचे. आता एका अर्जात चर्चगेटपासून ठाण्यापर्यंतची आणि हवी तर पुण्याची कॉलेजंही मागता येतात. परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे गुण जवळजवळ असणाऱ्यांची गर्दी मोठी असते आणि एकेका गुणाने क्रमांक बराच खाली-वर होतो. कटऑफची, म्हणजे कॉलेजात जागा मिळालेल्या शेवटच्या मुलाच्या गुणांची, धास्ती इथूनच सुरू होते.

वाटप कसं होतं हे समजलं, तर निम्मी घालमेल कमी होईल. संगणक गुणवत्ता क्रमांकाने एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे त्याने पसंतीक्रमाने भरलेली कॉलेजांची यादी, वरून खाली वाचत जातो. ज्या पहिल्या ठिकाणी त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक दिसेल, ती जागा त्याची. समजा, पहिल्या क्रमांकावर गव्हर्नमेंट लॉ कॉलेज (जीएलसी), दुसऱ्यावर के. सी., तिसऱ्यावर न्यू लॉ आणि चौथ्यावर ठाण्याचं कॉलेज आहे. पहिलं मिळालं नाही म्हणून दुसऱ्या कॉलेजच्या रांगेत मूल मागे ढकललं जात नाही. तिथेही त्याचा क्रमांक तोच राहतो. ‘जीएलसी वर टाकलं तर बाकीची हातची जातील’ ही भीती म्हणूनच निराधार आहे. क्रम इच्छेचा लावावा, अंदाजाचा नव्हे. मात्र जिथे खरोखर जायचं नाही, ते कॉलेज भरतीसाठी लिहू नये. मिळालं तर त्या फेरीतली तुमची संधी तिथेच खर्च होते. पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर पुढच्या फेऱ्यांचं दार साधारणपणे बंद होतं. नियमांचे तपशील बदलत असतात, म्हणून हा मुद्दा त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत शब्दशः वाचावा.

आता ‘नॉट अलॉटेड’ या दोन शब्दांबद्दल. पोर्टलवर ते दिसतात आणि सोबत कारण नसतं. ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव. अठरा-वीस वर्षांचं मूल त्या शब्दांचा अर्थ ‘मी नालायक’ असा लावतं. कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात. चारच पर्याय भरले आणि चारही मुंबईतले सर्वांत मागणीचे निवडले, हे नेहमीचं कारण. पर्याय ‘सेव्ह’ केले पण ‘कन्फर्म’ केले नाहीत, तर तो फॉर्म वाटपात धरलाच जात नाही. अल्पसंख्याक कॉलेजांतल्या जागांचा मोठा हिस्सा त्या समाजासाठी राखीव असतो. एकूण जागा पाहून आशा बांधली, तर खुल्या हिश्शात त्या कितीतरी कमी निघतात. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहताना आपल्याच प्रवर्गाचा, त्याच अभ्यासक्रमाचा आणि त्याच फेरीचा आकडा पाहावा. तीन वर्षांच्या एलएलबीचा कटऑफ पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला लावणं ही चूक दर वर्षी होते.

त्याहून जास्त नुकसान कागदांमुळे होतं, आणि जे गुण मिळवून झालेले आहेत ते कागदापायी वाया जाताना पाहणं क्लेशाचं असतं. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), व्हीजेएनटी (विमुक्त जाती व भटक्या जमाती) या प्रवर्गांना जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र आणि त्या वर्षी चालणारं नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून गेल्या वर्षीचं हाताशी असलेलं प्रमाणपत्र नीट वाचून पाहा. ईडब्ल्यूएससाठी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी) राज्याच्या नमुन्यातलंच प्रमाणपत्र हवं, केंद्राच्या नमुन्यातलं नव्हे. यातलं काही मुदतीत आलं नाही, तर अर्ज बाद होत नाही, पण तो खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि मुलाला ते अंतिम यादीत आपला प्रवर्ग पाहिल्यावरच कळतं. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची आणखी एक अडचण म्हणजे सीजीपीए, म्हणजे टक्क्यांऐवजी मिळणारी सरासरी श्रेणी. त्याचं टक्क्यांत रूपांतर दाखवणारा अधिकृत कागद जोडावा, मनाने गुणाकार करून आकडा भरू नये. पात्रतेला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, ओबीसीला ४२ आणि एससी-एसटीला ४० लागतात. काठावरच्या मुलांना तो दशांशही महत्त्वाचा असतो.

ई-स्क्रूटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन छाननीत, अर्ज परत आला, तर घाबरू नये. शेऱ्यात लिहिलेला कागदच दुरुस्त करून, मुदतीच्या आत पुन्हा सादर करावा. तात्पुरत्या यादीनंतर तक्रार नोंदवायला मोजके दिवस मिळतात आणि ती लॉगिनमधूनच करावी लागते. फोर्टमधल्या न्यू एक्सेल्सिअर इमारतीत कक्षाचं कार्यालय आहे, पण तिथे हेलपाटे घालून यादीतला क्रमांक बदलत नाही. लॉगिनसाठी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर दिला, तर ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि अलॉटमेंटची सूचनाही.

दिरंगाई हा वेगळाच विषय आहे. वेळापत्रकं सुधारून पुन्हा सुधारली जातात आणि प्रवेश दिवाळीच्या आसपास गेल्याची वर्षं लोकांच्या लक्षात आहेत. तारीख बदलली की सूचना संकेतस्थळावर येते, पण प्रत्येक मुलाला ती वेळेत पोचेलच याची खात्री नाही. यासाठी एक साधी सवय पुरते : सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा सूचनांचं पान पाहणं, बस. तासातासाला पान ताजं करून यादी लवकर लागत नाही, झोप मात्र जाते. व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या गटांवर फिरणारे ‘अपेक्षित कटऑफ’ कुणाच्याही सहीशिक्क्याचे नसतात, ते बाजूला ठेवा.

सगळ्या कॅप फेऱ्या हुकल्या तरी संस्थास्तरीय फेरी उरते, आणि बरीच मुलं खचून ती सोडून देतात. असं करू नका. रिकाम्या राहिलेल्या जागा आणि विनाअनुदानित कॉलेजांचा व्यवस्थापन कोटा तिथे भरला जातो. प्रत्येक कॉलेजात स्वतंत्र अर्ज करायचा असतो आणि मुदत कधीकधी एक-दोन दिवसांचीच असते. मूळ कागदपत्रं, दोन झेरॉक्स संच आणि गुणवत्ता यादीतला क्रमांक तयार ठेवावा. कल्याण, पनवेल, वसई या बाजूंच्या कॉलेजांची चौकशी आधीच करून ठेवलेली बरी. फी भरण्याआधी कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का आणि ती कुठल्या सालापर्यंत आहे, हे नक्की तपासा. फीची पावती घेतल्याशिवाय रोख देऊ नका.

घरच्यांसाठी एक विनंती. यादी लागल्याच्या संध्याकाळी ‘अमक्याच्या मुलीला मिळालं की’ हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. त्या मुलीचा प्रवर्ग, क्रमांक आणि भरलेले पर्याय तुम्हाला ठाऊक नाहीत. दोन-तीन दिवस मूल गप्प राहिलं तर राहू द्या, जेवायला मात्र सोबत बसवा. झोप, जेवण आणि बोलणं आठवडाभर सुटलेलंच राहिलं, किंवा जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोललं गेलं, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं ठरलं, तर कामाला कागदापासून लागा. मुंबई शहरातल्यांनी ओल्ड कस्टम हाउसच्या आणि उपनगरातल्यांनी वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे डोमिसाइल (अधिवास दाखला) आणि नॉन-क्रीमीलेअरची चौकशी आताच करावी. जात वैधतेचा अर्ज तर याच महिन्यात टाकावा, कारण जात पडताळणी समितीकडून शाळेचे जुने दाखले मागितले गेले, तर ते जमवायला गावी जावं लागतं.