माझंच हेड मी सत्तर हजारांना विकत घेतलं

नाशिकला दिंडोरी रोडला आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. पुढे मी डिझाइन करते, मागच्या गाळ्यात फ्लेक्स छापायचं साडेदहा फुटी सॉल्व्हंट मशीन. त्याला कोनिकाची ५१२आय हेडं, म्हणजे फ्लेक्सवर शाईचे बारीक थेंब फेकणारे भाग, एका रंगाला एक अशी चार. २०२१ साली हप्त्यांवर घेतलेलं. नवरा फिटिंगला बाहेर असतो, मशीनवर एक पोरगा आहे. पोरगा हुशार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याचं ऐकलं नाही.

मागच्या वर्षी गणपतीला आठ दिवस उरले होते. आमच्या धंद्यात त्या आठ दिवसांवर पुढचे दोन महिने निघतात. मंडळांच्या कमानी, स्वागताचे बॅनर, शिवाय पंचवटीतल्या एका भाऊंचा वाढदिवस नेमका त्याच आठवड्यात. रात्री नऊच्या सुमारास भाऊंचा बॅनर चालू असताना काळा रंग गेला. हळूहळू फिका होत नाही, एकदम. भाऊंची मिशी व्यवस्थित छापून झाली, खाली शुभेच्छुकांची नावं मात्र उमटलीच नाहीत. आणि नावं नसतील तर त्या बॅनरचे पैसे कोण देणार?

पोरानं नोझल चेक काढला, म्हणजे हेडाची बारीक भोकं शाई टाकतात का ते दाखवणारी चाचणीची प्रिंट. तीन रंग भरगच्च, काळ्याच्या जागी पांढरं फ्लेक्स. हेड फ्लश करून धुतलं, पर्ज मारला, म्हणजे दाबानं शाई हेडातून खाली ढकलली. पर्जला काळी शाई धो धो खाली येत होती, पण प्रिंट दिली की एक थेंब नाही. पुन्हा फ्लश, पुन्हा तेच.

मशीनवाले असाल तर तुम्हाला इथेच कळलं असेल. पर्जला शाई येते म्हणजे टाकी, नळी, फिल्टर ठीक आहेत आणि नोझलही बुजलेले नाहीत. शाई हेडापर्यंत पोचतेय, तिला बाहेर फेकायचा हुकूम पोचत नाही. म्हणजे बिघाड विजेच्या बाजूचा: हेड, त्याला हुकूम देणारा सर्किट बोर्ड, नाहीतर दोघांना जोडणारी पट्टी केबल. तिघांत सगळ्यात महाग हेड, सगळ्यात स्वस्त केबल. त्या रात्री मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आमचे नेहमीचे सर्व्हिसवाले काका गावी गेले होते, फोन लागेना. एका ओळखीच्या दुकानदारानं नंबर दिला आणि तो माणूस अर्ध्या तासात हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, हातात मल्टिमीटर. "ताई, घाबरू नका. गणपतीत मशीन बंद ठेवणार नाही तुमचं." हे वाक्य ऐकून मी निम्मी फसले होते. हेडाच्या पिनांना मीटर लावला, मान हलवली. "शॉर्ट वाटतंय. वर्कशॉपला नेऊन अल्ट्रासोनिक मशीनमध्ये धुऊन बघतो, नशीब असेल तर वाचेल." पोरगा म्हणाला, मी पण येतो. तर म्हणे, उगाच रात्रीचं कशाला, अंबडला जायचंय. हेड कापडात गुंडाळून तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. हेड ट्रेमध्ये, खाली कोरा कागद. "गेलं ताई." नवीन चौऱ्याहत्तर हजार. जुनं एक्स्चेंजमध्ये दिलं तर चार कमी. पक्कं बिल हवं तर जीएसटीचे अठरा टक्के वर. मी लगेच म्हटलं, बिल नको. चाळीस हजार रोख दिले, तीस यूपीआयने, तेही त्याच्या बायकोच्या खात्यावर. घरातल्या भिशीचे पैसे होते ते.

संध्याकाळी तो खोका घेऊन आला. खोक्याला साधी पारदर्शक टेप. आतलं हेड लखलखीत, फक्त शाई शिरते त्या तोंडाशी आत काळसर झाक. पोरानं विचारलं, "नव्या हेडाला शाई कशी?" "कंपनीत टेस्ट होऊन येतं रे." मी पोराकडे डोळे वटारले, की माणूस मदतीला आलाय आणि तू चौकशा काय करतोस.

आणि मग त्यानं जे केलं त्याला मी आजही मनातल्या मनात दाद देते. हेड बसवताना जुनी पट्टी केबल उपसून काढली, नवी लावली आणि म्हणाला, "नव्या हेडाला जुनी केबल नको. हिचे पैसे नका देऊ ताई, माझ्याकडून." काळा रंग दणक्यात उमटला. पाऊण तासात अलाइनमेंट करून, चहा पिऊन, आम्ही दिलेले पेढे घेऊन तो गेला. गणपती पार पडले, नवरात्रात सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या मंडळांचे बॅनर झाले, दिवाळी झाली. मशीन एकदाही रुसलं नाही. चारचौघांना मी त्याचा नंबरही दिला. हे लिहितानाही लाज वाटते.

जानेवारीत मॅजेंटा रंगात रेघा यायला लागल्या म्हणून काकांना बोलावलं. ते आधी कॉम्प्युटरवर बसतात, मग मशीनला हात लावतात. सेटिंग बघता बघता म्हणाले, "काळं हेड बदललं म्हणालात ना?"

"हो, गणपतीत."

"मग व्होल्टेज तेच कसं?"

मला कळेना. त्यांनी सांगितलं की प्रत्येक हेड कारखान्यातून थोडं वेगळं निघतं. त्याला किती व्होल्टेज लागतं ते त्याच्या लेबलवरच छापलेलं असतं, आणि नवं हेड बसवलं की तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरायचा असतो. काळ्याचा आकडा २०२१ ला त्यांनी स्वतः भरला होता. तो जागचा हललाही नव्हता. "एखादा विसरतो भरायला," ते म्हणाले, "पण लेबल बघू."

मशीन बसवलं त्या दिवशी काकांनी मला चारही हेडांच्या लेबलांचे फोटो काढायला लावले होते. तेव्हा मला ती उगाच कटकट वाटली होती. जुन्या फोनमधून फोटो शोधून काढला. काळं हेड उतरवलं. सीरियल नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. लेबलच्या कोपऱ्यातला ओरखडासुद्धा तोच.

आमचंच हेड धुऊन, पुसून, खोक्यात घालून त्यानं आम्हाला विकलं होतं. वर त्याच हेडाचे एक्स्चेंजचे चार हजारही वळते करून दिले होते!

पोरगा उठला आणि भंगाराच्या डब्यातून ती फुकटात बदललेली केबल घेऊन आला. काकांनी टोक उजेडात धरलं. शाईच्या वाफेनं चिकट काळा थर बसलेला, मधले दोन-तीन पट्टे जळालेले. "हा तुमचा आजार होता."

काकांनी त्या दिवशी पोराला एक गोष्ट शिकवली. ती आम्हाला गणपतीत माहीत असती तर सत्तर हजार वाचले असते. एक रंग एकदम गेला, पण पर्जला शाई येतेय, तर मशीनची मेन पॉवर बंद करायची, हात कोरडे करायचे आणि गेलेल्या रंगाच्या हेडाला शेजारच्या चालू रंगाची केबल लावायची, त्याची याला. मग नोझल चेक. गेलेलं हेड दुसऱ्या केबलवर छापायला लागलं आणि चांगलं हेड गप्प झालं, तर हेड जिवंत आहे, दोष केबलचा किंवा बोर्डाचा. केबल मात्र पॉवर चालू असताना कधीही काढायची नाही, तसं केलं तर खरोखरच हेड आणि बोर्ड दोन्ही जातात. आणि टोकाला शाईचा ओलावा दिसला तर आधी साफ करायची, तशीच जोडून बघायची नाही. कुठल्याही मेकॅनिकला "हेड गेलं" म्हणायच्या आधी ही अदलाबदल आपल्यासमोर करून दाखवायला सांगा. खरा माणूस करून दाखवतो. काकांना तर मी न विचारताच ते करायची सवय आहे, फक्त मी कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं.

त्याला फोन केला. आधी म्हणाला रिफर्बिश्ड, म्हणजे जुनं दुरुस्त केलेलं, होतं. नंबरचं सांगितल्यावर दोन सेकंद शांत, मग म्हणाला, "ताई, मशीन चालू झालं ना? मग?" याला काय उत्तर द्यावं ते मला आजही सुचलेलं नाही. मशीन चालू झालंच होतं. त्यानंतर नंबर ब्लॉक.

पोलिसात गेलो. साहेबांनी अर्ज घेतला, वागले नीट, पण पहिला प्रश्न बिलाचा. बिल नाही. खोक्यावर दुकानाचं नाव नाही. यूपीआयची पावती आहे, ती एका बाईच्या नावाची, आणि ती म्हणणार उसने दिले होते. अठरा टक्के वाचवायला गेले आणि हातात पुरावा म्हणून फक्त आमच्याच हेडाचा जुना फोटो उरला. नवरा मला काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

ज्यांना नंबर दिला होता त्यांना एकेक करून फोन केले. बहुतेकांनी त्याला बोलावलंच नव्हतं. सिन्नरच्या एका दुकानदाराला सगळं सांगितलं, केबलची अदलाबदल, पर्ज, व्होल्टेज, सगळं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी मी म्हटलं, आधी तुमच्या चारही हेडांच्या लेबलांचे फोटो काढून ठेवा.

"तीनच आहेत ताई," ते म्हणाले. "चौथं त्यानं काल संध्याकाळी वर्कशॉपला नेलंय."