रविवारच्या उपासनेला पेटी-तबला ठेवायचा की बँड आणायचा?

आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत सहा महिने हे रामायण चाललं होतं. तरुण संघाने अर्ज दिला, ड्रम सेट, कीबोर्ड, दोन गिटार, मिक्सर, स्पीकर, आणि कोटेशन लाखाच्या वर गेलं. ज्येष्ठ मंडळी म्हणाली आपली परंपरा पेटी-तबल्याची, ती सोडायची नाही. मी दोन्ही बाजूंना बसून चहा प्यायलोय, त्यामुळे तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, हाच वाद असेल तर माझं निरीक्षण सांगतो, उपयोग झाला तर बघा.

आधी ते परंपरेचं. पेटी मुळात पॅरिसची, 1842 मध्ये तिकडे तिचं पेटंट घेतलं गेलं, पुढे मिशनऱ्यांच्या सामानातून ती इकडे आली आणि आपली झाली. नगरला 1860 च्या दशकात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा तेसुद्धा नवीनच होतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, तोवर उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं बरीच असायची, मराठी शब्द त्या चालीत कोंबलेले, आणि मग या माणसाने अभंग आणि पदं दिली जी आज आपण जुनी म्हणून जपतो. म्हणजे ज्यांना आपण परंपरा म्हणतोय ते त्यांच्या वेळचे नवीन पोरगेच. एवढं मीटिंगमध्ये बोललो तर एक काका दोन रविवार माझ्याशी बोलले नाहीत.

पण म्हणून बँड आणा असं मी म्हणत नाही. पेटी-तबल्याची खरी ताकद वेगळी आहे. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात, दुसऱ्या कडव्यापर्यंत अख्खं देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) गात असतं, पुस्तक नसलं तरी चालतं, लाइट गेली तरी चालतं. आपल्यातले निम्मे लोक नगर जिल्ह्यातून आलेले, आजी-आजोबांनी गावच्या भजनात हेच म्हटलेलं, ते कुणी शिकवावं लागत नाही. अडचणी पण आहेत. आमचे तबलेवाले काका सत्तरी पार, त्यांच्यामागे कोणी नाही. जुलैत तबल्याच्या कातडी पुड्या सैल पडतात आणि उपासना सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं हातोडीने त्याचे लाकडी गठ्ठे ठोकणं चालू असतं. आणि इंग्लिश मीडियमच्या पोरांना टिळकांचे शब्दच कळत नाहीत. माझी पुतणी देवनागरी इतकं सावकाश वाचते की ती पहिली ओळ संपवते तोवर बाकीचे धृपदावर पोचलेले असतात.

आता बँड. शनिवारी संध्याकाळी सात पोरं स्वतःहून तालमीला येतात, ही छोटी गोष्ट नाही, एरवी ती रविवारी पण येत नव्हती. हिंदी गाणी असल्यामुळे हिंजवडीला नोकरी करणारे त्यांचे अमराठी मित्रही येऊन बसतात. पण मी मुद्दाम एक रविवार शेवटच्या बाकावर बसलो. गाणं मूळ रेकॉर्डिंगच्या पट्टीत, दुसऱ्यांदा धृपद आलं ते एक सप्तक वर, आणि तिथे मंडळी गप्प झाली. माझ्या शेजारच्या मावशींनी चष्मा काढून डबीत ठेवला, डबीचं झाकण टक्कन बंद केलं आणि हात मांडीवर. त्या रागावल्या नव्हत्या, फक्त आता ऐकायचंच आहे हे त्यांनी ओळखलं होतं. माझा बँडवरचा मुख्य आक्षेप हाच, आवाज वगैरे नंतर.

आवाजाचंही बघाच तसं. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, ड्रम सेट त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि आमची भिंत सोसायटीला लागून आहे. शिवाय पोरं टिकत नाहीत, ड्रमर बेंगळुरूला गेला की लाखाचं सामान कापडाखाली. आणि उपासना नेटवर लाइव्ह करत असाल तर गाण्यांचे हक्क तपासा. टिळक 1919 मध्ये गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांचे शब्द बिनधास्त वापरा, पण नवीन गाण्यावर आमच्या लाइव्हचा आवाज मधेच गायब झाला होता.

तिसरा पर्याय म्हणजे पुण्याच्या कॅम्पमधल्या जुन्या देवळांसारखं ऑर्गन आणि इंग्रजी उपासना. मराठी मंडळीने त्या वाटेला जाऊ नये, मी त्यावर वेळ घालवत नाही.

कॅथलिक लोकांकडून मात्र एक शिकण्यासारखं आहे. 1963 मध्ये व्हॅटिकन परिषदेने मिस्सात, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, लोकभाषेला वाट दिली, 1969 मध्ये भारतासाठी आरती, खाली मांडी घालून बसणं असले 12 मुद्दे मंजूर झाले, तेव्हाही कुरकुर झालीच, पण त्यांनी आधी लोकांच्या तोंडी काय बसतं ते पाहिलं आणि वाद्यांचा हिशोब नंतर केला. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात तर प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहून भारतीय पद्धतीने प्रार्थना करायच्या.

तर माझं मत. पाया पेटी-तबलाच ठेवा, पोरांना एक गिटार आणि एक काहोन (हाताने वाजवायचा लाकडी खोका) द्या, ड्रम सेट नको. लाखातले पहिले पैसे संडे स्कूलला तबला शिकवणाऱ्या मास्तरांवर घाला, दुसरे प्रोजेक्टरवर, मोठ्या अक्षरात, आणि पोरांसाठी खाली इंग्रजी लिपीत ओळ दिली तरी ज्येष्ठांनी नाक मुरडू नये. मंडळीत तिशीच्या आतलेच लोक जास्त असतील तर बँड आणा खुशाल, पण पट्टी मंडळीची.

आम्ही तेवढंच आधी केलं, पेटीच्या पट्टीत पांढरी पाचवरून काळी दोनवर, म्हणजे खालच्या सुरात, उतरलो. गिटारवाला कुरकुरला, कारण काळी दोन म्हणजे त्याला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा लागतो. दोन-तीनशे रुपयांचा कॅपो, तो मात्र कमिटीने मीटिंग न घेता मंजूर केला.