पद्मिनीचं जाम इंजिन घरी बांधलं : सात महिने, ३,२०० किलोमीटर आणि एक थेंब

हिशेब आधी सांगून टाकतो. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९२ची, एमएच १९ म्हणजे जळगाव पासिंग. अमळनेरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांशेजारी अकरा वर्षं उभी. इंजिन जाम. घरीच उतरवलं, घरीच बांधलं. खर्च ४१,३०० रुपये, त्यात लेथचं काम धरलंय, माझी मजुरी नाही. तेव्हापासून ३,२०० किलोमीटर झाले. पण एका थेंबाने पाच महिने डोकं खाल्लं आणि त्याचा निकाल परवा लागला, म्हणून लिहायला बसलो.

इंजिन थांबतं तेव्हा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच. माझ्याकडे तिसऱ्या सिलिंडरचा राहिला. अकरा पावसाळ्यांची ओल तिथून आत शिरली आणि पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरच्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, चिकटल्या. बाकीचे तीन सिलिंडर आरशासारखे! अशा वेळी स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढले, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून चारही भोकांत ओतलं. ॲसिटोन उडून जातं, म्हणून एक दिवसाआड पुन्हा थोडं. रोज संध्याकाळी क्रँकपुलीच्या, म्हणजे इंजिनच्या पुढच्या चाकाच्या, नटाला लांब पाना लावून मागे-पुढे हलवायचं. शेजारचे जिभाऊ कुंपणावरून बघत असायचे. "भंगारमा दी टाक नी भाऊ, कशाले जीव काढस?" दहाव्या दिवशी टक्क झालं आणि पाना दोन बोटं सरकला. जिभाऊ काही बोलले नाहीत, चहा मात्र घेऊन आले.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, निघायला त्याहून छळ. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडी, दोघांचा संसार गंजाने पक्का झालेला. लाकडी ठोकळा आणि हातोडी, चार दिवस.

पार्टसाठी कुर्ल्याला तीन खेपा झाल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. टॅक्सी होत्या तोवर हे पार्ट दुकानात ढिगाने असायचे, आता "बघून सांगतो" असं ऐकावं लागतं. तरी पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायला, देऊ नका. पिस्टन मापून बोअर करायचा असतो, डब्यावरच्या आकड्यावर नाही. ६८ मिलिमीटरच्या बोअरमध्ये केसाएवढी चूकही पुढे आवाज करते.

लेथवरून ब्लॉक आला तो दिसायला चकचकीत होता. पुसून बसवला असता तर रिंगा महिनाभरात गेल्या असत्या, कारण होनिंगची (सिलिंडर आतून दगडाने घासतात त्याची) बारीक रेव डोळ्याला दिसत नाही. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि बाटलीचा ब्रश घेऊन घासलं. पांढरं फडकं फिरवलं की काळं. सातव्या फडक्यावर ते पांढरं राहिलं. लगेच ऑइल चोपडलं, नाहीतर ओलं बीड बघता बघता तांबूस होतं. बायकोने पावडरीचा पुडा हिशेबात धरायला लावला.

पहिला महिना मजेत गेला. ५०० किलोमीटरला ऑइल बदललं. दुसऱ्या महिन्यात बेलहाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाखाली, ऑइलचा थेंब दिसला.

तेव्हाच हे लिहिलं असतं तर लेथवाल्याला नुसत्या शिव्या असत्या. क्रँक ग्राइंडिंग करताना याने मागच्या सीलची (गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणाऱ्या कडीची) जागा खरवडली, हे मी धरूनच चाललो. बिलातले ७०० रुपये अडवून ठेवले. त्याने फोनवर आवाज चढवला, मी त्याच्याहून चढवला. गाडीखाली रोज रात्री स्टीलची जुनी ताटली ठेवायचो आणि सकाळी सुईशिवायच्या सिरिंजने ऑइल मोजायचो. रोज सहा मिलिलिटर. लिटरला चारशे धरले तर दोन रुपये चाळीस पैसे, म्हणजे वर्षाला ८७६! त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा की नाही, यावर घरात पाच महिने चर्चा.

दरम्यान गाडीने काही कमी केलं नाही. मे महिन्यात जळगावला पारा ४४च्या वर असताना चाळीसगावहून कन्नडचा घाट चढली. काटा वर सरकला, पण लालपर्यंत गेला नाही. हायवेवर चौदाचं ॲव्हरेज. सकाळी चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला सुरू.

शेवटी गिअरबॉक्स उतरवायला चेन कप्पी भाड्याने आणणार होतो, दिवसाचे तीनशे. तीनशेचा आकडा जिभेवर येईना, म्हणून आधी एक फुकटचा उपाय केला. इंजिनची मागची बाजू डिझेलने धुतली, वाळवली, आणि अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. पारोळ्याला जाऊन आलो. हातातली बॅटरी मारून पाहिलं. सीलकडची सगळी पावडर कोरडी होती. वर, टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून मात्र एक तपकिरी रेघ ब्लॉकवरून सरळ खाली बेलहाउसिंगच्या ओठापर्यंत उतरलेली.

त्या कव्हरचं पॅकिंग जुनंच होतं. साठ रुपये वाचवायला मीच शेलॅक (चिकटवायची लाख) लावून पुन्हा बसवलेलं.

नवं बसवलं. तीन सकाळी ताटली कोरडी. काल लेथवाल्याकडे जाऊन ७०० रुपये दिले आणि खरं ते सांगितलं. त्याने नोटा मोजल्या, खिशात घातल्या, मशीन पुन्हा चालू केलं. मी निघालो तसा मागून ओरडला, "भाऊ, पावडर कोनती वापरी?"