दोन बाथरूम, एक कॉन्ट्रॅक्टरचं आणि एक स्वतः उभं राहून केलेलं : वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या डोंबिवलीच्या जुन्या इमारतीतल्या फ्लॅटला दोन बाथरूम आहेत. हॉलजवळचं कॉन्ट्रॅक्टरला विथ मटेरियल, म्हणजे सामानासकट, दिलं होतं. बेडरूममधलं मी स्वतः सामान आणून, मिस्त्री आणि प्लंबर वेगवेगळे लावून करून घेतलं. दोन्ही कामं गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर झाली. टाइलचे साइज, नळांचे ब्रँड यावर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात पडत नाही. मला बोलायचंय ते जमिनीच्या उताराबद्दल आणि नहाणी ट्रॅपबद्दल, म्हणजे जाळीखालच्या, पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याबद्दल. कारण या जुलैत खालच्या काकूंच्या छताला ओल आली, आणि ती नेमकी कॉन्ट्रॅक्टरच्या बाथरूमखाली.

कॉन्ट्रॅक्टरने जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवली होती. तोडफोड नाही, राडारोडा नाही, सोसायटीची कटकट नाही, काम झटपट. ऐकायला छान वाटतं. पण त्याने जमीन जवळजवळ एक इंच वर आली. दाराशी उंबरा असल्यामुळे तिकडची बाजू आणखी उचलता येईना, म्हणून उतार नावापुरताच राहिला. आंघोळ झाली की पाणी ट्रॅपकडे जाण्याऐवजी दाराशी येऊन थांबतं. सासूबाई आत गेल्या की त्या बाहेर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, आणि त्यानंतर दर वेळी वायपर मारावा लागतो.

खरी मेख ट्रॅपच्या तोंडाशी होती. ओल दिसल्यावर मी खाली बसून जाळीभोवतीच्या टाइलवर नाण्याने ठोकून पाहिलं. तीन बाजूंना भरीव आवाज, चौथ्या बाजूला सरळ पोकळ. जाळी काढून कडेला स्क्रूड्रायव्हर लावला तर पांढरं सिमेंट भिजलेल्या पिठासारखं निघून आलं. जुन्या ट्रॅपचं तोंड खाली आणि नवी टाइल वर. मधली फट नुसत्या व्हाइट सिमेंटने बुजवलेली. रोजचं पाणी त्या फटीतून नव्या टाइलखाली, तिथून जुन्या सांध्यांतून कोब्यात (टाइलखालच्या भरावाच्या थरात) आणि मग काकूंच्या छतात.

फोन केला तर साहेब म्हणाले, "ताई, ते गच्चीवरच्या टाकीचं पाणी झिरपत असेल." आम्ही दुसऱ्या मजल्यावर, वर आणखी दोन मजले, आणि त्यांच्या छतांना एक डाग नाही! मग "पाऊस संपला की बघू". मग फोन उचलणंच बंद. काम होईपर्यंत हाच माणूस दिवसातून दोनदा येत होता.

आता माझं बाथरूम. आपल्याकडे स्वतः करणं म्हणजे हातात थापी घेणं नव्हे, समोर उभं राहणं. जुनी जमीन कोब्यापर्यंत फोडली, ट्रॅप नवा बसवला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. भिंतीवर फूटभर वर आणि ट्रॅपच्या तोंडाच्या आतपर्यंत. मग ट्रॅपमध्ये बोळा घालून पाणी तुंबवलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि ४८ तास ठेवलं. मिस्त्री कुरकुरत होता, त्याचा दिवस वाया जात होता. रेघ जागची हलली नाही तेव्हाच टाइल लावू दिली. उतारासाठी दाराच्या कोपऱ्यापासून ट्रॅपपर्यंत दोरी धरून फुटामागे साधारण पाव इंच मागितला. सांध्यांत एपॉक्सी, म्हणजे पाणी न शोषणारं ग्राउट, भरलं. आज तिथे वायपर लागत नाही. आंघोळीनंतर केस पुसून होईपर्यंत जमीन कोरडी. इतकं सुख मिळेल असं खरंच वाटलं नव्हतं.

इथपर्यंत लिहून कॉन्ट्रॅक्टर वाईट, स्वतः केलेलं चांगलं असं म्हणणार होते. पण काल डायव्हर्टरकडे, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या भिंतीतल्या कॉककडे, पाहिलं आणि मत थोडं बदललं. माझ्या बाथरूममध्ये डायव्हर्टरची बॉडी भिंतीत जास्त खोल बसलीय, त्यामुळे वरची प्लेट टाइलला नीट टेकत नाही, कडेला फट दिसते. प्लंबर म्हणतो मिस्त्रीने मसाला जाड लावला, मिस्त्री म्हणतो प्लंबरने माप विचारलंच नाही. दोघांचे पैसे देऊन झालेले, दोघंही आपापल्या जागी बरोबर. कॉन्ट्रॅक्टरच्या बाथरूममध्ये हा प्रश्नच आला नाही. त्याच्या प्लंबरने सीपीव्हीसी लाइनला (गरम पाणी चालणाऱ्या प्लास्टिक पाइपला) प्रेशर टेस्ट करून मगच भिंत बुजवू दिली, गीझरसाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (शॉकपासून वाचवणारा स्विच) न सांगता बसवली. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पैशाचंही तसंच. कॉन्ट्रॅक्टरने १,६५,००० घेतले. माझं बाथरूम १,२०,००० मध्ये झालं. टाइलवरचा १८ टक्के जीएसटी, राडारोड्याची गोणी, टेम्पो धरून. पण घेतलेल्या रजा आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या चकरा मोजल्या तर बचत निम्म्यावर येते. तरी मी पुन्हा मजुरीवरच काम देईन, कारण कोब्यावर काय घातलं हे मला डोळ्यांनी पाहायचं असतं. ज्यांना रजा शक्य नाही त्यांनी कॉन्ट्रॅक्टर जरूर घ्यावा, पण पाणी तुंबवण्याची चाचणी आणि "जुन्या टाइलवर टाइल नाही" हे कागदावर लिहून घ्यावं, आणि निदान दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवावी.

सोसायटीची परवानगी मिळाली आहे. गणपती झाले की हॉलजवळच्या बाथरूमची फक्त जमीन फोडायची, भिंती तशाच ठेवायच्या. मिस्त्री तोच, दोरीवाला. काकूंच्या छताचं प्लास्टर आणि रंग आम्ही करून देतोय, त्यांचा यात काय दोष? हा सगळा खर्च कॉन्ट्रॅक्टरकडून मागणारं पत्र स्पीड पोस्टाने गेलंय. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. तिथे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. त्याने पक्कं बिल दिलं नव्हतं, पण यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचं कोटेशन आणि त्या पोकळ टाइलचा आवाजासकट व्हिडिओ जपून ठेवलाय.